पेठेच्या पोटातलं स्टेशन

मैत्रिणींनो, पिंपरी-चिंचवडमधल्या घरात बाईनं 'उद्या जरा पुण्यात जाऊन येते' असं म्हटलं, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं, "रविवारी जाऊ, मी सोडतो." रविवार उगवतो. कुणी पाहुणे येतात, नाहीतर स्कूटरचं काही काम निघतं, नाहीतर "आज अंगात कणकण आहे, पुढच्या रविवारी बघू" असं होतं. तुळशीबागेतली खरेदी, माहेरी एक चक्कर, दाताच्या डॉक्टरांकडची राहिलेली खेप, सारं पुढच्या रविवारवर ढकललं जातं. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. पण वर्षाचे बावन्न रविवार असे गेले, तर त्यांतले आपल्या स्वतःच्या कामाला किती आले, हे प्रत्येकीनं बोटांवर मोजून पाहावं. एका हाताची बोटं पुरतील!

२९ सप्टेंबर २०२४ या दिवसापासून मात्र यात फरक पडू शकतो, अशी एक गोष्ट आपल्या हाताशी आली आहे. त्या दिवशी पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाला, आणि पिंपरीहून निघालेली गाडी थेट कसबा पेठ आणि मंडई इथपर्यंत जाऊ लागली. ही दोन्ही स्टेशनं जमिनीखाली आहेत. वर वाडे, चाळी, देवळं, भांड्यांची आणि बांगड्यांची दुकानं, आणि त्यांच्या पोटात फलाट! या स्टेशनांविषयी आपल्या बायकांत कुतूहल पुष्कळ आहे, आणि थोडी भीतीही आहे. आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवात याच विषयावर तासभर चर्चा रंगली. "इतक्या खाली जीव गुदमरत नाही का?" "पावसात पाणी शिरलं तर?" "आणि वरची जुनी घरं? ती खचली तर?" मी शाळेत अर्धवेळ शिकवते. प्रश्न आला, की त्याचं उत्तर शोधल्याशिवाय चैन पडत नाही, अशी खोडच लागली आहे. तेव्हा जे शोधलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

गाडी जमिनीत शिरते कुठे?

पिंपरी ते स्वारगेट या रस्त्याला मेट्रोच्या भाषेत जांभळी मार्गिका म्हणतात. लांबी सुमारे साडेसतरा किलोमीटर. आपलं पिंपरीचं स्टेशन महानगरपालिकेच्या इमारतीजवळ आहे. ही मार्गिका एकदम झाली नाही, तीन हप्त्यांत झाली. पिंपरी ते फुगेवाडी हा पहिला तुकडा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, त्यापुढे सिव्हिल कोर्टपर्यंत १ ऑगस्ट २०२३ ला, आणि स्वारगेटपर्यंतचा शेवटचा २०२४ साली.

पिंपरी, संत तुकारामनगर, नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, हा सारा प्रवास उंच खांबांवरून होतो. खिडकीतून लोकांच्या गच्च्या, वाळत घातलेली धुणी, लोणावळ्याची लोकल आणि मुळेचं पात्र दिसतं. बोपोडी, खडकी मागे पडली, की शेतकी महाविद्यालयाच्या आवारात गाडी उतारावरून हलकेच जमिनीत शिरते. त्यापुढची पाच स्टेशनं जमिनीखाली आहेत. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट. जिल्हा न्यायालय म्हणजेच आधीचं सिव्हिल कोर्ट. कसबा पेठ स्टेशनाचं नावही आराखड्यात 'बुधवार पेठ' असं होतं. तेव्हा जुनी नावं कुणी सांगितली, तर गोंधळून जाऊ नका.

यातलं जिल्हा न्यायालयाचं स्टेशन फार खोल आहे. जवळजवळ तेहेतीस मीटर, म्हणजे एकशेआठ फूट. दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत बसवली तर जेवढी खोल जाईल, तेवढं. तरीही छताची रचना अशी केली आहे, की दिवसाउजेडी सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो. वनाझहून रामवाडीला जाणारी दुसरी मेट्रो याच जागी डोक्यावरून, खांबांवरून जाते. त्यामुळे कोथरूडला किंवा पुणे स्टेशनला जायचं असेल, तर इथे उतरून सरकत्या जिन्यानं वर जायचं आणि गाडी बदलायची.

घरांखालून बोगदा कसा गेला?

जमिनीखालची रेल्वे म्हणजे काही कालची गोष्ट नव्हे. लंडनमध्ये १८६३ साली पहिली अशी गाडी धावली, तीही कोळशाच्या इंजिनावर! तो धूर बोगद्यात साचून लोकांचे काय हाल झाले असतील, कल्पना करा. आपल्या देशात पहिला मान कलकत्त्याचा. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी तिथे एस्प्लनेड ते भवानीपूर ही गाडी सुरू झाली. लंडनच्या पहिल्या मार्गासारखंच कलकत्त्याचंही बरंचसं काम वरून रस्ता उकरून केलं होतं. चर खणायचा, आत बोगदा बांधायचा आणि पुन्हा माती लोटायची. रस्ते वर्षानुवर्षं उघडे पडले.

ही पद्धत कसब्यात चालली असती का? तिथल्या गल्ल्या अशा, की समोरासमोरच्या घरांतल्या बायका आपापल्या खिडकीतून वाटी-वाटी साखर देऊ-घेऊ शकतील. तिथे रस्ता उकरायचा म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांच्या पायालाच हात घालायचा. म्हणून पुण्यात फक्त स्टेशनांच्या जागी वरून खड्डे खणले, आणि दोन स्टेशनांमधला बोगदा यंत्रानं आतल्या आत कोरला. अशी तीन यंत्रं होती. त्यांची नावं मोठी गोड ठेवली होती. मुळा, मुठा आणि पवना! २०१९ च्या अखेरीस शेतकी महाविद्यालयाच्या बाजूनं काम सुरू झालं, आणि ४ जून २०२२ रोजी शेवटचा बोगदा पूर्ण झाला. मधला काळ करोनाचा होता, हेही लक्षात घ्या.

यंत्र काम कसं करतं, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. नारळाच्या खवणीचं टोक डोळ्यांपुढे आणा. ते साडेसहा मीटर रुंदीचं आहे, आणि नारळाऐवजी तेच गोल फिरतं आहे, असं समजा. समोरचा खडक खवला जातो आणि चुरा मागे येतो. जसजशी पोकळी होते, तसतशी मागून सिमेंटची कडी बसवली जाते. विहिरीत एकावर एक सिमेंटच्या रिंगा उतरवतात ना, तशाच या रिंगा आडव्या, एकीला एक लावून. फरक इतकाच, की प्रत्येक रिंग अखंड नसते. तिचे तुकडे जुळवून ती तयार होते, आणि रिंग व खडक यांच्यामध्ये जी फट राहते, तीत सिमेंटचा गिलावा दाबून भरतात. म्हणजे वरची जमीन खाली बसायला जागाच उरत नाही. जायला एक आणि यायला एक, असे दोन बोगदे शेजारी शेजारी गेले आहेत. जिल्हा न्यायालय आणि कसबा पेठ यांच्यामध्ये ते चक्क मुठा नदीच्या तळाखालून जातात.

आता घरं खचण्याबद्दल. पुण्याच्या जमिनीचा वरचा मातीचा थर संपला, की खाली काळा पाषाण लागतो. आपला पाटा-वरवंटा, आजीचं जातं ज्या दगडाचं होतं, तोच हा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थिजून तो झाला. पिढ्यान्‌पिढ्या पुरण वाटूनही पाट्याला पुन्हा टाकी लावून घेता येते, यावरून त्याचा चिवटपणा कळेल. बोगदा या दगडातून खोल गेला आहे. शिवाय काम चालू असताना वरच्या जुन्या इमारतींना मोजमापाची यंत्रं लावून, भिंत हलते का, तडा रुंदावतो का, यावर नजर ठेवायची अशा कामात रीतच असते.

आधी पाणी गेलं होतं

गंमत अशी, की पुण्याच्या पोटातून काही नेण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधून पाणी आणलं. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळायला आणि साफसफाईसाठी उभे झरोके ठेवले होते. त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. किती नेमका शब्द! आजच्या मेट्रोच्या स्टेशनाजवळही रस्त्याच्या कडेला जाळ्या लावलेले उंच चौकोनी मनोरे दिसतात. खालची हवा बाहेर आणि बाहेरची हवा आत, हेच त्यांचं काम. म्हणजे उच्छ्वासच की!

ते पाणी पेठांतल्या हौदांत येई आणि बायका तिथून घागरी भरून नेत. फडके हौद, काळा हौद ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. फरासखान्याजवळ एक 'बाहुलीचा हौद' आहे, त्याची हकिगत मात्र काळजाला हात घालणारी आहे. डॉ. विश्राम रामजी घोले हे सुधारक विचारांचे नामांकित डॉक्टर. आपली लहानगी लेक काशीबाई हिला त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पोरगी अकाली गेली. मुलीला शिकवल्याचा राग धरून कुणीतरी तिला खाऊतून काच चारली, असं सांगितलं जातं. तिच्या आठवणीसाठी घोल्यांनी १८८० साली हा हौद बांधला आणि सर्व जातींच्या लोकांना तो खुला ठेवला. कसबा आणि मंडई या दोन स्टेशनांच्या मधल्या भागात आपण वावरतो, तेव्हा पायाखाली असा सगळा इतिहास असतो.

ज्यांचा उंबरठा गेला

स्टेशनाचं कौतुक करताना एक बाजू सांगितली नाही, तर लेख अपुरा राहील. बोगदा घरांखालून जातो, पण स्टेशनाचे दरवाजे, जिने, हवेचे मनोरे यांना जमिनीवर जागा लागतेच. वस्ती दाट असेल, तर ती जागा कुणाच्या तरी घराची किंवा दुकानाची असते. कसब्यात स्टेशनाची जागा ठरत होती, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला, मोर्चे काढले, स्टेशन दुसरीकडे न्या म्हणाले. शिवाजीनगरजवळच्या कामगार पुतळा आणि राजीव गांधी नगर या वस्त्यांतल्या कुटुंबांना तर जागा सोडून हडपसर, विमाननगर अशा दूरच्या भागांत जावं लागलं.

कागदावर 'पुनर्वसन' हा एकच शब्द असतो. बाईच्या संसारात त्याचा अर्थ काय होतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. चार घरची धुणीभांडी चालत जाऊन करणाऱ्या बाईला तीच घरं आता दोन बसच्या अंतरावर जातात. पोरांची शाळा बदलते. उधारीवर देणारा वाणी सुटतो. आजारपणात पोर सांभाळणारी शेजारीण सुटते, आणि नव्या इमारतीत शेजारच्या दाराला आतून कडी असते. पक्कं घर मिळतं, नळाला पाणी येतं, हे खरं. पण सुटलेली शेजारीण काही कुठल्या योजनेत मिळत नाही.

हे मी अशासाठी सांगते, की अशी कामं इथेच थांबणार नाहीत. स्वारगेटहून कात्रजपर्यंतच्या साऱ्या भुयारी मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं मंजुरी दिली. तोही दाट वस्तीखालूनच जाणार. आपल्यापैकी कुणाचं माहेर, कुणाची बहीण तिकडे असेल. अशा वेळी नोटीस आली, तर ती घरातल्या पुरुषमाणसानं वाचून खिशात ठेवली, असं होऊ देऊ नका. घर कुणाच्या नावावर आहे, भाडेकरू म्हणून आपल्याकडे कोणत्या पावत्या आहेत, दुसरी जागा कुठे मिळणार आणि तिथून शाळा-दवाखाना किती लांब, हे प्रश्न घरातल्या बाईनं विचारायचे असतात. रोज त्या अंतरावरून जायचं तिलाच असतं!

भीतीचं काय करायचं?

पहिली भीती गुदमरण्याची. खाली थंडगार हवा खेळती ठेवलेली असते. मंडईत भर दुपारी वर जेवढं गुदमरतं, तेवढं खाली मुळीच गुदमरत नाही. दिव्यांचा उजेडही भरपूर असतो.

दुसरी भीती पाण्याची. ही भीती अगदीच खोटी नव्हे, आणि तसं भासवणंही बरोबर नाही. मुंबईत २६ मे २०२५ रोजी मोठ्या पावसात आचार्य अत्रे चौक या भुयारी स्टेशनात पाणी शिरलं. तिथल्या एका प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं आणि त्या बाजूनं पाण्याचा लोंढा आत आला. स्टेशन सुरू होऊन अवघे सोळा दिवस झाले होते. त्या भागातली गाडी बंद ठेवावी लागली. यातून घ्यायचं ते एवढंच, की तयार स्टेशनात उंच पायऱ्या आणि पाणी उपसणारे पंप असतात, पण अर्धवट कामाच्या जागी धोका असतो. तुफान पावसाच्या दिवशी निघण्यापूर्वी गाडी चालू आहे का, ते विचारावं आणि मग घर सोडावं. घाटात जातानाही आपण हेच करतो.

तिसरी काळजी लेकरांची, आणि खरं तर सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्यायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट स्टेशनात तीन वर्षांचं एक मूल खेळता खेळता रुळांवर पडलं. आईनं मागचा-पुढचा विचार न करता खाली उडी घेतली. तिथल्या सुरक्षारक्षकानं प्रसंगावधान राखून गाडी थांबवण्याचं बटण दाबलं, गाड्या अलीकडेच थांबल्या आणि दोघं सुखरूप वाचली. तेव्हा फलाटावर मुलाचा हात एक क्षणही सोडू नका. मुलाचा हात एका हातात आणि पिशवी दुसऱ्या. फोन पर्समध्ये! संकटात गाडी थांबवण्याचं बटण फलाटावर कुठे आहे, ते पोचल्याबरोबर पाहून ठेवा. मूल पडलंच, तर उडी मारण्याआधी बटण दाबा आणि रक्षकाला हाक मारा.

सासूबाईंची सफर

आमच्या सासूबाईंचं माहेर कसब्यातलं. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे. बसची ती उंच पायरी त्यांना चढवत नाही आणि रिक्षाचे पैसे द्यायला मन होत नाही, म्हणून भावाकडे जाणं दिवाळीपुरतं उरलं होतं. मेट्रो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जमिनीखाली एकदाच जायचं असतं, त्याची घाई कशाला?" पण भाचीच्या डोहाळजेवणाचं निमित्त झालं आणि मी त्यांना घेऊन गेले. लिफ्टनं फलाटावर, दारातून सपाट पाऊल टाकून डब्यात, बसायला जागा, आणि पुन्हा लिफ्टनं वर. उजेडात आल्यावर मात्र त्या भांबावल्या. जन्म गेला त्या पेठेत, पण नव्या दारातून आल्यामुळे दिशाच कळेना. फुलवाल्याला विचारलं, "बाबा, कसबा गणपती कुणीकडे?" आणि स्वतःच हसू लागल्या. "माझ्याच माहेरचा पत्ता मी विचारतेय गं!"

आता त्या एकट्या जातात. सकाळी अकराला निघतात, भावाकडे जेवतात, चारला घरी असतात. येताना तांबट आळीतून एकदा तांब्याचा तपेलाही उचलून आणला! घरात कुणाला 'मला सोडा' म्हणावं लागत नाही, यानं त्यांच्या चेहऱ्यावर जे आलंय, ते कुठल्या टॉनिकनं आलं नसतं.

पहिल्यांदा जाताना

• पिंपरी ते मंडई साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. गाड्या सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत असतात. पहिल्या खेपेला सकाळी अकरा ते चार ही निवांत वेळ धरा.

• तिकीट दहा रुपयांपासून आहे. खिडकीवर रोख पैसे देऊन मिळतं, यंत्रातून आणि फोनवरही काढता येतं. वरचेवर जाणार असाल, तर कार्ड करून घ्या. मुलं शिकत असतील, तर विद्यार्थ्यांच्या कार्डाची चौकशी करा.

• तिकीट हरवू नका. बाहेर पडतानाही ते फाटकावर दाखवावं लागतं. पदराच्या गाठीत बांधायची आपली जुनी पद्धत इथे उपयोगी आहे!

• गाडीला तीन डबे असतात. एक स्त्रियांसाठी राखीव असतो. फलाटावरची पाटी पाहून तिथेच उभ्या राहा.

• सरकत्या जिन्याची धास्ती वाटत असेल, तर लिफ्ट आहे. जिन्यावर चढताना निऱ्या हातात धरा, आणि ओढणी किंवा पदर खोचून घ्या.

• स्टेशनाला दारं अनेक असतात. तुळशीबाग कोणत्या दारानं, दगडूशेठ गणपती कोणत्या, हे वर येण्यापूर्वी खालीच पाटीवर वाचा. चुकीच्या दारानं वर आलं, की मंडईच्या गर्दीत मोठा वळसा पडतो.

• गणपतीत या दोन स्टेशनांवर तोबा गर्दी असते. २०२५ च्या विसर्जनाला तर मेट्रो रात्रभर अखंड चालवली होती. तेव्हा लहान मुलांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायला विसरू नका.

कंपनीची बस आणि आपला रस्ता

आपली ही नगरी कारखान्यांनी वसवली. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को, बजाज आणि कितीतरी लहानमोठे कारखाने आले. पुढे चाकणचा पट्टा उभा राहिला. रस्ते झाले, बस आल्या, पण साऱ्या शिफ्टच्या भोंग्यावर. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर येते, नवऱ्याला घेऊन जाते, आणि वेळेवर आणून सोडते. बाईच्या कामाला मात्र शिफ्ट नाही. तिला साडेअकराला दवाखान्यात जायचं असतं, दोनला शाळेतून मूल आणायचं असतं, मधल्या वेळात शिवणाचं सामान आणायचं असतं. तिच्यासाठी कोपऱ्यावर कधी बस उभी राहिली नाही. दर थोड्या मिनिटांनी येणारी आणि कुणाच्याही ड्युटीशी बांधलेली नसलेली गाडी हिला पहिल्यांदाच मिळते आहे.

पण गाडी स्टेशनातून सुटते, आपल्या दारातून नाही. चाकणच्या, मोशीच्या मैत्रिणीला आधी बसनं नाशिक फाट्यापर्यंत यावं लागतं. निगडीपर्यंत मेट्रो वाढवण्याच्या कामाचं भूमिपूजन ६ मार्च २०२४ ला झालं. चाकणला ती पोचलेली नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई चाकणहून येते. ती मला म्हणाली, "बाई, मेट्रोत मला अर्धा तास लागतो, आणि मेट्रोपर्यंत यायला सव्वा तास." खरं दुखणं हे आहे. स्टेशनापर्यंतची बस दुपारीही मिळावी, वाटेवर दिवे असावेत, फुटपाथवर टपऱ्या नसाव्यात, या मागण्या आपणच केल्या पाहिजेत. महिला मंडळातल्या पंचवीस जणींच्या सह्यांचा एक अर्ज बसच्या कार्यालयात द्यायला एक दुपार पुरते. भिशीच्या दिवशीच लिहून टाका!

मंडईच्या दारातून भिडेवाड्याकडे

मंडई स्टेशनातून वर आलात, की समोर दगडी महात्मा फुले मंडई दिसते. ती १८८६ सालची. तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिथून चार पावलांवर, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाड्याची जागा आहे. इथे १८४८ साली फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या, की लोक शेण आणि दगड मारत. अंगावरची साडी खराब होते, म्हणून त्या जादा लुगडं बरोबर नेत. ज्या २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाली, त्याच दिवशी या शाळेच्या स्मारकाची पायाभरणीही झाली.

पुण्याला गेलात, तर तुळशीबागेआधी त्या जागेशी दोन मिनिटं उभ्या राहा. घरापासून शाळेपर्यंतच्या तेवढ्याशा वाटेसाठी एका बाईनं किती सोसलं, ते आठवा. आपल्याला तर थोडक्या पैशांच्या तिकिटात थंड हवेतून, बसून, सुखरूप पोचता येतं. दगड मारायला कुणी उभं नाही. अडवणारा असलाच, तर तो 'रविवारी बघू' एवढाच!

तेव्हा येत्या आठवड्यातली एक दुपार निवडा. सकाळीच भाजी-पोळी करून झाकून ठेवा, किल्ली शेजारी द्या, घरी सांगा, "मी मंडईला जाऊन येते, चारपर्यंत येईन." मुलगी कॉलेजात असेल, तर तिला बरोबर घ्या आणि परत येताना तिकीट तिलाच काढू द्या. सासूबाई असतील, तर त्यांना घेऊन जा, नाही म्हणाल्या तरी. आणि यायला उशीर झाला, तर एक दिवस चहा घरातल्या मंडळींनी करावा. साखरेचा डबा कुठे आहे, ते त्यांनाही कळू द्या की!